थंड ओढलेला बिल्ला

एखादी वस्तू जिथे चिकटली आहे तिथून, तिला आणि तिच्या आधाराला न दुखवता, अलगद सोडवणे ही एक विद्या आहे. आणि जे घडले त्याची खूण पुसून टाकणे हे निराळे कर्म आहे. दोन्हींत हात तेच असतात, हत्यारे तीच असतात, हालचालीही त्याच असतात. भेद असतो तो करणाऱ्याच्या अंतःकरणात, आणि तिथवर कोणाची दृष्टी पोचत नाही. ज्याने ही विद्या आयुष्यभर निष्ठेने सांभाळली, त्याच्याही दारात कधीतरी ते दुसरे कर्म येऊन उभे राहते, आणि तेही परक्याचे नव्हे, तर पोटच्या मुलाचे रूप घेऊन.

बिल्लेकाकांच्या दारात ते एका स्वच्छ सकाळी, दुकानाचे शटर नुकतेच वर गेले असताना आले.

मोटारींच्या नाकावर आणि पाठीवर जे चकचकीत बिल्ले असतात, ते रंगाला ओरखडा न पाडता काढणे आणि नवे बसवणे, एवढाच काकांचा व्यवसाय. गिऱ्हाइके त्याला मोनोग्राम म्हणत. काका बिल्लाच म्हणत, आणि म्हणून अवघी गल्ली त्यांना बिल्लेकाका म्हणे. घराच्या तळमजल्यावर दुकान, दुकानामागे एका गाडीपुरती शेड, दोहोंमध्ये एक लाकडी दार. शेडचे मोठे फाटक मागच्या बोळात उघडे. वरच्या मजल्यावर त्यांचा संसार.

काकांच्या कामाचा क्रम ठरलेला असे. आधी बिल्ल्याच्या चारी अंगांना कागदी टेप लावून त्याची जागा बांधून घ्यायची. मग केस वाळवायच्या ड्रायरने पत्रा संथपणे, गोल गोल फिरवत तापवायचा आणि बोटांच्या पाठीने ऊब जोखायची. आतली गोंदाची पट्टी मऊ झाली, की मासे धरायच्या गळाचा बारीक दोरा बिल्ल्यामागे घालून करवतीसारखा, पण श्वासाइतक्या हळू, मागेपुढे ओढायचा. बिल्ला आपण होऊन हातात यावा. उरलेला गोंद अंगठ्याने वळवत काढायचा, आणि शेवटी स्पिरिटचा ओला फडका. धातूचे हत्यार रंगाजवळ न्यायचे नाही. आणि या सगळ्याच्या वर एक नियम होता: थंड बिल्ला ओढायचा नाही. थंड गोंद सुटत नाही; तो रंग घेऊन सुटतो.

हा नियम त्यांचा मुलगा अक्षरओळखीच्याही आधी शिकला होता. त्याला घरात सगळे दादा म्हणत; धाकट्या बहिणीने हाक मारायला सुरुवात केली आणि आईबापांच्याही तोंडी तीच बसली. बहीण लग्न होऊन दूर गेली होती. दादा आता चष्म्याच्या काचा स्वतःच्या गाडीने दुकानोदुकानी पोचवत असे आणि उजाडताच बाहेर पडत असे. त्या सकाळी तो लवकरच परतला आणि गाडी मागच्या बोळातून सरळ शेडमध्ये आली.

"बाबा, बिल्ला बदलायचाय."

"अरे, एवढ्यात परत? काचा पोचवल्यास?"

"त्या नंतर. आधी हे करू या. मी पुढचं शटर ओढून घेतो."

काका हसले. "शटर कशाला? बिल्ला बदलायचाय, बँक नाही फोडायची."

दादा हसला नाही. त्याने शेडचे फाटक मात्र आतून लावून घेतले. काकांनी चष्मा नाकावर चढवला आणि गाडीच्या पुढे जाऊन वाकले.

गाडीच्या नाकावर पंख पसरलेल्या पक्ष्याचा बिल्ला होता. त्याचा डावा पंख मुळापासून तुटून गेला होता. उरलेला पक्षी एका कडेने उचकटलेला होता, आणि त्याच्याखाली, त्या सुरेख निळ्या रंगावर, स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे होते. खोल, वेडेवाकडे, आतला राखाडी प्रायमर उघडा पाडणारे.

"हे कोणाच्या हातचं?"

"माझ्याच. काढायला गेलो."

"थंड ओढलास?"

दादा ओरखड्यांवरून अंगठा फिरवू लागला.

"तू थंड ओढलास?" काकांनी पुन्हा विचारले, आणि या वेळी तो प्रश्न नव्हता.

लहानपणी हाच मुलगा पत्र्याला गाल लावून ऊब जोखत असे, आणि "अजून नाही, बाबा, अजून थोडं" असे म्हणत बापालाच थांबवत असे. पाण्यात पडलेला पोहणारा जसा हातपाय मारायला विसरत नाही, तसा हा नियम तो विसरणे शक्य नव्हते. तो विसरला, याचा अर्थ त्याला कशाने तरी मुळापासून हादरवले होते. ते नुसते रंगावरचे ओरखडे नव्हते. भ्यालेल्या माणसाच्या हाताने काढलेले ते अक्षर होते, आणि ते अक्षर त्यांना वाचता येत होते.

"कशावर आदळलं?"

"गोदामाचं फाटक. वाऱ्याने एकदम मिटलं."

"लागलं नाही ना तुला?"

"नाही."

इथे आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. काकांनी तो विचारला नाही. उत्तर कानावर येण्यापेक्षा काम हाती घेणे सोपे होते, म्हणून त्यांनी खणातून कागदी टेप काढली. मन भ्याले की हात सवयीच्या वाटेने चालू लागतात. त्यांनी तुटक्या पक्ष्याच्या कडा बांधून घेतल्या, ड्रायर लावला, ऊब दिली. वरून बायकोचा आवाज आला, "नेलात ना परत माझा ड्रायर? मी काय केस उन्हात वाळत घालू, पापडासारखे?" एरवी काकांनी वर तोंड करून काहीतरी उलट सुनावले असते. आज ते गप्प राहिले, आणि वरचा आवाजही त्या गप्प राहण्यावर अडखळून थांबला.

दोरा मागेपुढे फिरू लागला. पट्टी सुटत गेली. पक्षी ओंजळीत आला. काकांनी तो उलटा केला, आणि तुटक्या कडेपाशी, मऊ झालेल्या गोंदात, त्यांना काहीतरी लाल चमकताना दिसले. त्यांनी ते नखाने उचलून उजेडात धरले. तांबडी, खाचाखाचांची पातळ कपची. सायकलच्या मागे जी लाल चकती असते, तिची.

"दादा," ते म्हणाले. आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. "गोदामाच्या फाटकाला सायकलची चकती असते का रे?"

दादा भिंतीला पाठ लावून खाली सरकत गेला आणि जमिनीवर बसला.

"वळणावर ऊन आलं डोळ्यांवर. मी फोनमध्ये दुकानाचा पत्ता बघत होतो, बाबा. क्षणभरच. नुसता आवाज आला. मग आरशात दिसलं, कोणीतरी खाली पडलं होतं. हात हलला. हलला होता, बाबा, मी बघितला."

"आणि तू?"

"मला थांबायचं होतं. पाय ब्रेकवर जाईचना. पुलापलीकडे जाऊन थांबलो, आणि हे काढायला लागलो. का ते मला माहीत नाही. कोणी बघितलं तर... निघेचना ते."

त्यांनी बॉनेटवर हात टेकला. त्यांच्या हाताखालचा पत्रा अजून उबदार होता, आणि ती ऊब त्यांना एखाद्या जिवंत अंगासारखी लागली. त्यांनी हात चटकन मागे घेतला. आपण आत्ताच काय केले, हे त्यांच्या ध्यानात येत होते. गुन्ह्याची अर्धी खूण त्यांनी गाडीवरून उतरवली होती, अगदी नेटकेपणाने, एकही ओरखडा न पाडता.

जिन्यावर पावले वाजली. दादाची आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने किती ऐकले, हे विचारायची गरज नव्हती. कप बशीत किणकिणत होते.

"बदलून टाका," ती म्हणाली.

"अगं, काय बोलतेस—"

"आधी बदलून टाका. मग काय बोलायचं ते बोला. खणात आहे ना तसला एक? मी बघितलाय. लेकरू कसं कापतंय ते बघा आधी."

त्याच वेळी पुढून, दुकानातून, मोठ्या गळ्याची हाक आली.

"बिल्लेकाका! आहात का? की तुमचाही बिल्ला कोणी काढून नेला?"

तो हवालदाराचा आवाज होता. हवालदार जवळच्याच ठाण्यावरचा. चहाच्या वेळी वाकडी वाट करून येणारा, दादाला अर्ध्या चड्डीत असल्यापासून ओळखणारा. शेडमधली तिघे जागच्या जागी थिजली. मग काकांनी लाकडी दार आपल्यामागे ओढून घेतले आणि ते दुकानात गेले. दार जुने होते. ते कधी पुरते बसत नसे.

हवालदार स्टुलावर ऐसपैस बसला होता. "काय हो, घामाघूम? माझ्या स्कूटरला एखाद्या बड्या गाडीचा बिल्ला ठोकून द्या म्हणून कधीचा सांगतोय. निदान आमचे साहेब तरी उठून उभे राहतील."

काकांनी हसण्याचा प्रयत्न केला. नुसते दात दिसले.

हवालदाराने खिशातून एक प्लास्टिकची पिशवी काढून गल्ल्यावर ठेवली आणि त्याचा चेहरा बदलला. "थट्टा राहू द्या. हे बघा. सकाळी पुलाच्या अलीकडे, वळणावर, एका बाईला गाडीने उडवलं. सायकलवरून शिवणाच्या कारखान्यात चालली होती. गाडीवाला थांबलासुद्धा नाही. हा तुकडा तिच्या सायकलच्या मागच्या टोपलीत सापडला."

पिशवीत डावा पंख होता.

"कशी आहे ती?" काकांनी विचारले.

"डोक्याला मार आहे. आत घेतलंय ऑपरेशनला. डॉक्टर हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. घरात म्हातारे वडील, बाकी कोणी नाही. ते येऊन बसलेत, आणि जो दिसेल त्याला एकच विचारतायत, माझ्या मुलीचा डबा कुठे पडला, तिला दुपारी भूक लागेल." हवालदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली. "साहेब म्हणाले, कंपनीला विचारत बसलो तर वेळ जाईल. बिल्लेकाकांना दाखव. काका सांगतील ती गाडी, काका सांगतील ते साल. तेवढंच धरून आम्ही निघतो."

काकांनी पिशवी उचलली. त्या पक्ष्याचे दोन प्रकार होते. अलीकडच्या गाड्यांवर पिसांची टोके गोलसर असत. जुन्या गाड्यांवर सरळ कापल्यासारखी. पिशवीतला पंख गोल टोकांचा, दादाच्या गाडीचाच होता. फरक नखाएवढा, आणि या गावात तो त्यांच्याशिवाय कोणी जाणत नव्हते. जुन्या गाडीचा, एवढे दोनच शब्द. मग पोलीस जुन्या गाड्यांमागे फिरतील, दिवस जातील, गाडीच्या नाकावर नवा पक्षी बसेल, ओरखड्यांवर रंग चढेल. भलत्याच कोणाच्या तरी दारात हवालदार उभा राहील. पण तो कोणीतरी निर्दोष असेल, सुटेल. सुटेलच. मन किती भराभर चालते, आणि कुठे कुठे जाऊन येते!

"हा," काका म्हणाले, "जुन्या—"

आणि त्यांची जीभ थांबली. तो शब्द त्यांच्या तोंडून इतक्या सहज निघाला होता, की तो ऐकून त्यांच्याच अंगावर काटा आला. हवालदार विश्वासाने मान हलवत पुढच्या शब्दाची वाट पाहत होता. त्या विश्वासाइतके भयंकर काकांनी आजवर काही पाहिले नव्हते.

"थांबा. मागे उजेड बरा आहे. बघून सांगतो."

"बघा की, सावकाश. मी काय पळून जातोय?"

काका मागे आले, आणि त्यांचे पाय उंबऱ्यातच अडले. त्यांची बायको गाडीपुढे उभी होती. तिच्या एका हातात ड्रायर, दुसऱ्यात नवाकोरा बिल्ला. एवढ्या वर्षांत तिने या कामाला कधी बोट लावले नव्हते, पण पाहिले सारे होते. बिल्ल्यामागच्या पट्टीवरचा लाल कागद तिने सोलून काढला होता.

"धरा," ती कुजबुजली. "धूळ बसायच्या आत लावा. धरा ना!"

काकांनी हात पुढे केला नाही. "त्या बाईचे वडील तिचा डबा शोधतायत," ते म्हणाले. "तिला भूक लागेल म्हणून."

तिने तोंड फिरवले. बिल्ला तिच्या बोटांना चिकटला होता. तो तिला सोडवता येईना.

"दादा," काका मुलाकडे वळले. ते त्याच्याशेजारी जमिनीवरच बसले. "मी फार भ्यालोय रे. बाहेर माझ्या तोंडून खोटं निघणार होतं. अर्धं निघालंसुद्धा. मी परत एकटा बाहेर गेलो, तर उरलेलं निघेल. मला माझा भरवसा नाही. तू तरी मला वाचव."

दादाने बापाकडे पाहिले. आपला बाप भितो, हे त्याने प्रथमच पाहिले असावे. दाराच्या फटीतून त्याने सगळे ऐकले होते, डब्याचेही. बाहेर हवालदार स्टूल करकरवत खोकला.

"मारतील का मला?" त्याने लहान मुलासारखे विचारले.

"ते मला माहीत नाही."

"तुम्ही येता ना बरोबर?"

"येतो."

दादा भिंतीला धरून उठला. काकांनी फळीवर ठेवलेला पंखतुटका पक्षी आणि ती लाल कपची त्याने उचलली. कपची बोटांतून निसटून खाली पडली. ती त्याने पुन्हा वाकून उचलली.

"थांब," आई म्हणाली. ड्रायर खाली ठेवून ती पुढे आली आणि त्याच्या शर्टाचे वरचे बटण लावू लागली. चिकट बिल्ला अजून तिच्या डाव्या हातावर होता, म्हणून ते एका हाताने लावावे लागले आणि फार वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

दुकानात हवालदाराने आधी मुलाकडे पाहिले, मग त्याच्या हातातल्या वस्तूकडे, मग काकांकडे. तो हळूच उभा राहिला.

"दादा? तू?"

"मीच होतो. ती पडलेली मला दिसली होती. मी थांबलो नाही."

हवालदाराने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. "इथे काही बोलू नकोस, बाळा. जे बोलायचं ते ठाण्यात बोल. काका, शेडला कुलूप घाला. गाडीला कोणी हात लावायचा नाही."

"मी लावलाय," काका म्हणाले. "उरलेला बिल्ला मी काढला. कसा काढला तेही सांगतो. आणि मघाशी तुम्हाला जे सांगायला निघालो होतो, ते खोटं होतं."

"अहो, तुम्ही कुठे काय सांगितलंत?"

"सांगणार होतो."

दादाची आई पायांत चपला सरकवत होती. "मी दवाखान्यात जाते. त्या म्हाताऱ्यांजवळ बसते."

"वहिनी, नका जाऊ," हवालदार कळवळून म्हणाला. "कारखान्यातल्या बायका जमल्यात तिथे. लोक चिडलेत. तुम्ही कोण ते कळलं तर—"

"कळू देत. मीच सांगेन." तिचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता, पण ती थांबली नाही. स्वयंपाकघरातून तिने एक डबा भरून आणला, तो कोणाला देणार हे मात्र तिचे तिलाही ठाऊक नसावे, आणि पदराखाली धरून ती रस्त्याला लागली.

ठाण्यातल्या बाकावर काका बसून राहिले. दादाला आतल्या खोलीत नेले होते. खरे बोलल्यावर भीती जाते असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या बाकावर बसून पाहावे. दार उघडले की काका अर्धवट उठत. दार मिटले की पुन्हा बसत. आत मुलाचा आवाज मधूनच तुटे, पुन्हा सुरू होई. फोन वाजे, कोणी तो उचली, आणि काकांना वाटे, आता तिच्या मरणाचीच बातमी. त्यांनी मुलासाठी प्रार्थना करू पाहिली. पण प्रत्येक वेळी ओठांवर त्या अनोळखी बाईचेच आयुष्य येई, आणि मग त्यांना उमगले की दोन्ही मागण्या एकच आहेत.

दुपार कलली तेव्हा हवालदार बाहेर आला. "काका," तो म्हणाला, "दवाखान्यातून फोन होता. शस्त्रक्रिया झाली. शुद्ध नाही आलेली. रात्र जाऊ दे म्हणतात. पण श्वास आपला आपण घेतेय."

"आणि आमची ही?"

"बायकांनी खूप बोल लावले म्हणे. उठल्या नाहीत वहिनी. शेवटी म्हाताऱ्यांनीच सगळ्यांना गप्प केलं. आता दोघं बाकावर बसलीयत. त्यांनी डब्यातलं थोडं खाल्लं."

काकांनी मान खाली घातली आणि दोन्ही तळहात गुडघ्यांवर उताणे ठेवले. पुढे काय होणार, हे त्या घडीला कोणालाच ठाऊक नव्हते. न्यायाला आपली वाट चालायची होती आणि त्या वाटेवर त्यांच्या मुलाला एकट्यानेच पावले टाकायची होती.

त्या जखमी लेकीचा श्वास असाच, आपल्या बळाने, चालू राहो. तिची वाट पाहणाऱ्या वृद्ध पित्याला तिची हाक पुन्हा ऐकू येवो. परक्याच्या दुःखाशेजारी निमूट बसलेल्या त्या आईला धीर लाभो, कापत्या पायांनी बाहेर आलेल्या मुलाला आपला अपराध वाहण्याचे बळ मिळो, आणि बाकावर बसलेल्या त्या भ्यालेल्या पित्याच्या मनाला, उशिरा का होईना, शांती मिळो.